ब्रिटन-अमेरिका ‘विशेष संबंधां’ची पार्श्वभूमी : नेत्यांचा स्नेह आणि कागदावरचे करार

५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील फुल्टन या छोट्या गावी विन्स्टन चर्चिल यांनी केलेले भाषण ‘पोलादी पडद्या’च्या उल्लेखामुळे गाजले. त्याच भाषणात, अध्यक्ष हॅरी ट्रूमन समक्ष उपस्थित असताना, त्यांनी ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील ‘विशेष संबंधां’चा पुरस्कार केला. चर्चिल तेव्हा पंतप्रधान नव्हते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत पराभव झाल्यामुळे ते विरोधी बाकांवर बसत होते. नेमक्या त्याच तारखेला दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी परकीय संदेश टिपण्याच्या आणि उकलण्याच्या कामात भागीदारी करण्याचा गुप्त करार केला, ज्याचा मजकूर २०१० पर्यंत जनतेसमोर आला नाही. भाषणातले शब्द तेव्हापासून बहुतेक प्रत्येक संयुक्त पत्रकार परिषदेत ऐकू येतात. या दोन देशांच्या नेत्यांमधील स्नेहाचे मोल ठरवताना मात्र, माझ्या मते, भाषणापेक्षा करारांकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

या स्नेहाची परंपरा ज्या जोडीपासून सांगितली जाते ती चर्चिल आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांची. सप्टेंबर १९३९ मध्ये, महायुद्ध सुरू झाल्यावर काही दिवसांतच, रूझवेल्ट यांनी स्वतःहून चर्चिल यांना पत्र लिहिले, तेव्हा चर्चिल नौदलाचे मंत्री होते. पुढील साडेपाच वर्षांत या दोघांमध्ये दीड हजारांहून अधिक संदेशांची देवाणघेवाण झाली. परंतु या जिव्हाळ्याच्या काळातही व्यवहार चोख होता. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेने ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका दिल्या, त्या बदल्यात पश्चिम गोलार्धातील ब्रिटिश भूमीवर तळ उभारण्याचे हक्क ९९ वर्षांसाठी घेतले. ऑगस्ट १९४१ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर झालेल्या भेटीतून अटलांटिक सनद निघाली आणि तिच्यात प्रत्येक जनसमूहाला आपली शासनपद्धती निवडण्याचा हक्क मान्य करण्यात आला. महिन्याभरातच चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये हे कलम भारताला लागू नसल्याचे स्पष्ट केले. रूझवेल्ट यांनी १९४२ मध्ये भारताच्या प्रश्नावर पत्रातून आणि दिल्लीत पाठवलेल्या खास प्रतिनिधीमार्फत आग्रह धरून पाहिला, पण चर्चिल बधले नाहीत आणि रूझवेल्ट यांनीही मैत्री पणाला लावण्याइतके ते प्रकरण ताणले नाही.

व्यक्तिगत शब्दावर उभा राहिलेला समझोता किती नाजूक असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण याच जोडीचे आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये रूझवेल्ट यांच्या हाइड पार्क येथील निवासस्थानी दोघांनी एका छोट्या टिपणावर सह्या केल्या. अणुसंशोधनातील सहकार्य जपानच्या पराभवानंतरही, उभयतांच्या संमतीने थांबवले जाईपर्यंत, चालू राहील असे त्यात म्हटले होते. या प्रकल्पाचे ब्रिटिश सांकेतिक नाव ‘ट्यूब अलॉइज’, म्हणजे ‘नळ्यांचे मिश्रधातू’ असे होते, आणि बहुधा हे नाव जहाजाच्या नळ्यांचे वाटल्यामुळेच अमेरिकेकडील प्रत अध्यक्षांच्या नौदल सहायकाच्या कागदपत्रांत जाऊन पडली. एप्रिल १९४५ मध्ये रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि अमेरिकी अधिकाऱ्यांना असे काही टिपण असल्याचे ब्रिटिशांकडून कळले. स्वतःची प्रत त्यांना सापडत नव्हती. टिपण सापडले असते तरी फारसे काही बदलले असते असे मला वाटत नाही. ते ना मंत्रिमंडळाला माहीत होते, ना काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला. ऑगस्ट १९४६ मध्ये अमेरिकेने कायदा करून अणुविषयक माहितीची दारे परदेशांना, म्हणजे ब्रिटनलाही, बंद केली.

युद्ध संपताच उसनवार-भाडेपट्टा योजनाही, म्हणजे मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य पुरवण्याची अमेरिकी योजना, तडकाफडकी थांबली. अर्थतज्ज्ञ केन्स यांना वॉशिंग्टनला जाऊन ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज दोन टक्के व्याजाने घ्यावे लागले, आणि त्याचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये फेडला.

१९५६ च्या सुएझ प्रकरणात, म्हणजे इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटनने तेथे केलेल्या लष्करी कारवाईच्या वेळी, ब्रिटन आणि अमेरिकेचे नेते एकमेकांना नवखे नव्हते. पंतप्रधान अँथनी ईडन आणि अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांची ओळख युद्धकाळापासूनची होती, आणि कदाचित त्या ओळखीनेच ईडन यांचा घात केला. अमेरिका नाराज झाली तरी आड येणार नाही, असे त्यांनी गृहीत धरले. फ्रान्स आणि इस्राएल यांच्याशी गुप्त संगनमत करून केलेली ही कारवाई आयझेनहॉवर यांच्यापासून लपवण्यात आली होती, तीही अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर. पौंड कोसळू लागला, तेव्हा अमेरिकेने सैन्यमाघारीशिवाय मदत देण्यास नकार दिला. ६ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्धबंदी स्वीकारली आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले.

त्यांच्या जागी आलेल्या हॅरल्ड मॅकमिलन यांनी युद्धकाळात अल्जियर्सला आयझेनहॉवर यांच्यासोबत काम केले होते, आणि त्या जुन्या परिचयाने तुटलेला संवाद लवकर जुळला, हे खरेच. पण ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला नसता, तर अमेरिकी काँग्रेस अणुकायदा शिथिल करण्यास इतक्या झटपट तयार झाली असती का, याची मला शंका आहे. जुलै १९५८ मध्ये अणुसहकार्याचा परस्पर संरक्षण करार झाला आणि हाइड पार्कच्या टिपणाला जे जमले नाही ते कायद्याच्या चौकटीत साध्य झाले.

मॅकमिलन यांची खरी कसोटी डिसेंबर १९६२ मध्ये बहामातील नासाऊ येथे लागली. ब्रिटनने ज्या स्कायबोल्ट क्षेपणास्त्रावर आपल्या अण्वस्त्रदलाचे भवितव्य टांगले होते, ते अमेरिकेने खर्च आणि फसलेल्या चाचण्या यांमुळे रद्द केले होते. अध्यक्ष केनेडी यांच्याशी मॅकमिलन यांचे सूत जुळलेले होते, वॉशिंग्टनमधील ब्रिटिश राजदूत ऑर्म्सबी-गोर हे तर केनेडी यांचे जुने मित्र, आणि तरीही आपला निर्णय लंडनमध्ये सरकार पाडू शकतो याचा अंदाज अमेरिकेला आला नाही. नासाऊमध्ये मॅकमिलन यांनी भावनेला हात घालणारे आवाहन केले आणि ते पाणबुडीतून डागायची पोलारिस क्षेपणास्त्रे मिळवूनच परतले. येथे मैत्रीचा उपयोग झाला, असे मी निःशंकपणे म्हणेन. मात्र त्याची किंमतही मोजावी लागली : जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनचा युरोपीय आर्थिक समुदायातील प्रवेश अडवला, आणि ब्रिटन अमेरिकेच्या पंखाखाली असल्याच्या त्यांच्या संशयाला नासाऊने बळच दिले होते. मित्रराष्ट्राला आपण समजून घ्यायला कुठे कमी पडलो, हे शोधण्यासाठी केनेडी यांनी रिचर्ड न्यूस्टाट या अभ्यासकाकडून स्वतंत्र अहवाल लिहवून घेतला. असा प्रामाणिकपणा सत्ताधाऱ्यांत क्वचितच दिसतो.

रोनाल्ड रेगन आणि मार्गारेट थॅचर यांची पहिली भेट १९७५ मध्ये, दोघेही सत्तेबाहेर असताना झाली. त्यांची वैचारिक जवळीक अस्सल होती. अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड बेटांच्या युद्धात अमेरिकेने आधी मध्यस्थी केली आणि एप्रिल १९८२ च्या अखेरीस ब्रिटनची बाजू घेतली; ३१ मे रोजी रेगन यांनी दूरध्वनी करून तडजोडीचा विषय काढला, तेव्हा थॅचर यांनी त्यांना वाक्यही धड पुरे करू दिले नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये पारडे फिरले. ब्रिटनची राणीच जिची राष्ट्रप्रमुख होती त्या कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावर अमेरिकेने सैन्य उतरवले, आणि आदल्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जेफ्री हाऊ यांनी अशी कारवाई संभवत नसल्याचे पार्लमेंटला सांगितले होते. रेगन यांनी नंतर केलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ते वारंवार दिलगिरी व्यक्त करतात आणि थॅचर थंडपणे उत्तरे देतात. दिलगिरी मनापासूनची होती, पण सैन्य उतरून गेले होते.

इराक युद्धापूर्वी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांना पाठवलेल्या टिपणाची सुरुवात, काहीही झाले तरी मी तुमच्यासोबत असेन, अशा आशयाची होती. इराक युद्धाच्या चौकशीसाठी नेमलेल्या चिलकॉट समितीने २०१६ मध्ये नोंदवले, की प्रामाणिक मतभेद पेलण्याइतके हे संबंध भक्कम आहेत आणि त्यांना विनाअट पाठिंब्याची गरज नसते. याचा दाखला ब्लेअर यांच्याच पक्षाच्या इतिहासात होता. १९६० च्या दशकात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये ब्रिटनची नावापुरती का होईना तुकडी हवी होती. मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी ती शेवटपर्यंत दिली नाही, जॉन्सन चिडले, तरीही पोलारिस क्षेपणास्त्रे ठरल्याप्रमाणे मिळाली आणि ती वाहणारी पहिली ब्रिटिश पाणबुडी १९६८ मध्ये गस्तीवर गेली. १९५८ च्या करारातील काही तरतुदी मात्र दर काही वर्षांनी मुदतवाढीसाठी पुन्हा मांडाव्या लागत. २०२४ च्या दुरुस्तीने ती मुदतच काढून टाकली.