दंडावरचं जेल, पोटावरची पट्टी आणि वैशाखाचा घाम

पाळी कायमची थांबताना अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोपमोड होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांजवळ असतो, तेव्हा हा त्रास उन्हाचा की पाळीचा तेच कळत नाही. डॉक्टरांनी तपासून इस्ट्रोजेन (पाळी थांबताना घटणारं बायकांचं हार्मोन) द्यायचं ठरवलं, तर ते गोळीऐवजी जेल किंवा चिकटपट्टीतूनही घेता येतं. मग लावलेल्यातलं किती रक्तात पोचेल, हे लावण्याच्या रीतीवरही ठरतं.

गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. तिथे इस्ट्राडिओलचा, म्हणजे औषधातल्या इस्ट्रोजेनचा, मोठा भाग इस्ट्रोन या कमी ताकदीच्या रूपात बदलतो आणि रक्त गोठवणारे घटक वाढतात. म्हणून गोळी १ ते २ मिलीग्रॅमची लागते, तर दिवसाला ५० मायक्रोग्रॅम (०.०५ मिलीग्रॅम) सोडणाऱ्या पट्टीनेही तेवढंच काम भागतं. गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. नेहमीच्या डोसच्या पट्टी-जेलने तो वाढल्याचं दिसलेलं नाही.

कातडीतला खरा अडसर म्हणजे वरचा मृत पेशींचा थर, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड. ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) जड रेणू तिथेच अडतात. इस्ट्राडिओल २७२ डाल्टनचं आणि मेदात विरघळणारं, त्यामुळे ते पार होतं. उतारवयात कातडी पातळ होते म्हणून औषध जास्त शिरत असेल, हा समज मात्र चुकीचा. पातळ होतो तो मुख्यतः खालचा कोलॅजेनचा थर.

०.०६ टक्के जेलच्या एका पंपात १.२५ ग्रॅम जेल, म्हणजे ०.७५ मिलीग्रॅम इस्ट्राडिओल असतं. त्यातला साधारण दहावा भागच आत जातो. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरावं, स्तनांवर कधीच नाही. त्या जागी आधी खोबरेल किंवा सनस्क्रीन नको. पाच मिनिटं वाळू द्यावं, तासभर पाणी लावू नये. जेलमध्ये अल्कोहोल असतं. वाळेपर्यंत चूल-गॅसपासून लांबच.

पट्टी ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर. परकराची नाडी बसते तिथे लावली की घासून सुटते, आणि खानदेशातल्या उन्हाळ्यात घामाने कडा उचलतात. कातडी पूर्ण कोरडी करून तळव्याने दहा सेकंद दाबावी, दर वेळी जागा बदलावी. पट्टीवर शेकायची पिशवी नको, उष्णतेने औषध एकदम जास्त सुटतं. काढल्यावर उरलेला चिकटा तेलाने पुसा. वापरलेल्या पट्टीतही हार्मोन शिल्लक असतं; ती चिकट बाजू आत दुमडून, पोरांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

घरात नातवंडं असतील तर सर्वात जास्त जपायचं ते इथे. अंगावरच्या इस्ट्रोजेन स्प्रेच्या संपर्काने लहान मुलांमध्ये स्तनवाढ झाल्याचे प्रकार घडल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये इशारा दिला होता. जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, दंड बाहीखाली झाका, मगच बाळ घ्या. रक्त तपासायचं असेल तर जेल लावलेल्या हातातून देऊ नका, आकडा खोटा चढतो.

गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. अस्तर जाड होऊन पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून जोडीला अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, लागतं. ऑनलाइन मिळणाऱ्या प्रोजेस्टेरॉन क्रीमवर विसंबू नये; कातडीतून ते अस्तराला पुरेल इतकं पोचेल याची खात्री नसते. त्यासाठी कॅप्सूलच बरी. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा डाग दिसला, तर औषध चालू असो वा नसो, डॉक्टरांकडे जायचं.