कोरियन भाषेतील आदरार्थी संभाषण

दक्षिण कोरियात अनोळखी, वयाने वडील किंवा पदाने मोठ्या माणसाशी बोलताना वापरायची वाक्ये आणि त्यांमागची रीत. या बोलीला कोरियनमध्ये ‘चोन्देन्माल’ म्हणतात. बरोबरीच्या मित्रांशी, धाकट्यांशी आणि लहान मुलांशी बोलायची सलगीची बोली ती ‘पान्माल’. नवशिक्याने आधी चोन्देन्माल शिकावी, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तो रास्त आहे. परक्या माणसाने जरा जास्त अदबीने बोललेले कोणाला खटकत नाही; उलट झाले तर मात्र समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो.

मराठीत ‘बस’ आणि ‘बसा’ हा भेद आपण ऐकणाऱ्याकडे पाहून करतो. पण ‘पाऊस पडतोय’ हे वाक्य शाळकरी पोराला सांगा नाहीतर मुख्याध्यापकांना, ते तेच राहते. कोरियनमध्ये ते तसे राहत नाही. मित्राला ‘पिगा वा’, शेजारच्या काकूंना ‘पिगा वायो’, आणि बातम्यांत किंवा सभेत ‘पिगा ओम्निदा’. पाऊस तोच, पण ऐकणारा बदलला की क्रियापदाची शेपटी बदलते. म्हणून कोरियन सभ्यपणा एखादा गोड शब्द पेरून येत नाही, तो वाक्याच्या शेवटात असतो. ‘कृपया’चा प्रतिशब्द शोधणाऱ्या नवशिक्याला शब्दकोशात ‘चेबाल’ सापडतो आणि तो उपाहारगृहात जाऊन ‘चेबाल’ म्हणत पाणी मागतो. या शब्दात काकुळती असते, ‘हात जोडतो, पण एवढं करा’ अशी. पाण्यासाठी ‘मुल जोम जुसेयो’ पुरते. ‘मुल’ म्हणजे पाणी, ‘जुसेयो’ म्हणजे द्या, आणि ‘जोम’ हा ‘जरा’सारखा मऊपणा आणणारा शब्द.

उच्चार व लेखन

कोरियन लिपी हांगुल राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. आज तिची मूलभूत अक्षरे 24 आहेत : 14 व्यंजने व 10 स्वर. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत कोरियन उच्चार बरे उतरतात, पण अडचणी आहेतच. शब्दाच्या सुरुवातीचे साधे व्यंजन ‘क’ आणि ‘ग’ यांच्या मधले ऐकू येते. दोन स्वरांमध्ये आले की ते स्पष्ट ‘ग’ होते. प-ब, त-द, च-ज यांचेही तसेच. पूर्वी रोमन लिपीत ‘पुसान’ लिहिले जाणारे शहर 2000 च्या सरकारी लेखनपद्धतीनंतर ‘बुसान’ झाले, त्याचे मूळ याच धूसर सीमेत आहे. ‘ख’, ‘थ’, ‘फ’, ‘छ’ हे महाप्राण मराठी माणसाला फुकट मिळतात. घसा ताणून उच्चारायची तिसरी व्यंजने मात्र मराठीत नाहीत. त्यांसाठी कान तयार करावा लागतो. शिवाय लिहिलेले आणि बोललेले नेहमी जुळत नाही. ‘काम्साहाम्निदा’ (आभारी आहे) या शब्दातला ‘म्नि’ लिहिताना ‘प्नि’ असतो. पुढच्या ‘न’मुळे ‘प’चा ‘म’ होतो. या नोंदीतले लेखन उच्चाराला धरून आहे.

दोन शेपट्या

कोरियन व्याकरणकार बोलण्याच्या सहा पायऱ्या मानतात. त्यांतल्या ‘हाओ-चे’ आणि ‘हागे-चे’ (‘चे’ म्हणजे शैली) आता बव्हंशी ऐतिहासिक मालिकांत किंवा सासऱ्याने जावयाशी बोलताना ऐकू येतात. नवशिक्याला दोन पुरतात. ‘-यो’ने संपणारी ‘हेयो-चे’ ही दुकान, बस, शेजार, ओळखपाळख अशा सगळ्या ठिकाणी चालते. ‘-म्निदा’ने (प्रश्नात ‘-म्निक्का’ने) संपणारी ‘हाशिप्शिओ-चे’ ही बातम्या, उद्घोषणा, मुलाखत, कार्यालयीन सादरीकरण आणि पहिली भेट यांची. सैन्यात तर सैनिकाचे प्रत्येक वाक्य ‘-दा’ किंवा ‘-क्का’ने संपले पाहिजे असा दंडक होता, 2016 मध्ये संरक्षण मंत्रालयाने रोजच्या बोलण्यापुरता तो सैल केला.

‘-यो’ची एक सोय फार मोलाची आहे. पूर्ण वाक्य जमत नसेल तर तुटक शब्दालाही ती जोडता येते. काय घेणार असे विचारल्यावर नुसते ‘खॉफि’ (कॉफी) म्हणणे उद्धट, ‘खॉफियो’ म्हटले की सभ्य. ‘वे’ (का) रांगडे, ‘वेयो’ ठीक. ‘कोण, मी?’ असे विचारायचे तर ‘चॉयो?’ दहा शब्द येणारा माणूसही एवढ्या एका अक्षरावर आठवडा काढू शकतो. पण ‘-यो’ सगळेच सांभाळून घेत नाही. कोणी काही देऊ केले आणि ते नको असेल तर ‘शिरॉयो’ किंवा ‘त्वेस्सॉयो’ म्हणू नये. शेपूट सभ्य असली तरी सूर ‘नको म्हटलं ना’ असाच लागतो. अशा वेळी ‘क्वेन्छानायो’ म्हणतात. मराठीत ‘राहू दे, ठीक आहे’ म्हणत आपण जसे हात हलवतो तसे.

भेट आणि निरोप

‘आन्न्यॉंगहासेयो’ हा सकाळ, दुपार, रात्र केव्हाही चालणारा नमस्कार. त्याबरोबर मान किंचित लवते. अधिक औपचारिक रूप ‘आन्न्यॉंगहाशिम्निक्का’. नुसते ‘आन्न्यॉंग’ ही पान्माल आहे, ते मित्रांसाठी. फोनवर ‘यॉबोसेयो’. पहिल्या भेटीत ‘छॉउम प्वेप्केस्सुम्निदा’ म्हणतात, मग ‘चॉनुन …इम्निदा’ (मी अमुक) असे नाव सांगतात, आणि शेवटी ‘चाल बुथाक्तुरिम्निदा’. हे शेवटचे वाक्य भाषांतरात नीट बसत नाही. ‘आता आपला संबंध आला आहे, सांभाळून घ्या’ एवढा त्याचा भाव. नव्या कचेरीत पहिल्या दिवशी ते न म्हणणे चमत्कारिक दिसते.

निरोपात नवशिक्या हमखास अडखळतो. जाणाऱ्याला म्हणायचे ‘आन्न्यॉंगही गासेयो’, आणि आपण जात असू तर मागे राहणाऱ्याला ‘आन्न्यॉंगही गेसेयो’. फरक एका स्वराचा, अर्थ ‘सुखाने जा’ आणि ‘सुखाने राहा’. रस्त्यावर दोघेही आपापल्या वाटेने निघाले तर दोघेही ‘गासेयो’ म्हणतात. दुकानातून बाहेर पडताना पुष्कळ लोक ‘सुगोहासेयो’ म्हणतात, म्हणजे ‘चालू द्या तुमचे कष्टाचे काम’. ते दुकानदाराला किंवा टॅक्सीवाल्याला चालते, पण वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना म्हणू नये, असे भाषाशिष्टाचाराचे पुस्तकी मत आहे. घरातून निघणारा ‘तान्यॉओगेस्सुम्निदा’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’, आणि घरचे ‘तान्यॉओसेयो’ म्हणजे ‘जाऊन या’ म्हणतात. उंबऱ्यावर नुसते ‘जातो’ म्हणू न देणाऱ्या मराठी घरांत हे वाक्य शिकवावे लागत नाही.

आभार, माफी, विनंती

‘काम्साहाम्निदा’ आणि ‘कोमाप्सुम्निदा’ हे दोन्ही आभारच. पहिला चिनी मुळाचा, दुसरा अस्सल कोरियन. चिनी मुळाचा तो अधिक आदराचा असा समज आहे, त्याला फारसा आधार नाही. ‘कोमावॉयो’ जरा घरगुती. आभारांना उत्तर म्हणून पाठ्यपुस्तके ‘छॉन्मानेयो’ शिकवतात, पण तो पुस्तकातच जास्त राहतो. प्रत्यक्षात लोक ‘आनियेयो’ (छे, तसं काही नाही) म्हणून मोकळे होतात.

माफीत दर्जा आहे. ‘च्वेसोंगहाम्निदा’ वडील, ग्राहक, अनोळखी यांच्यासाठी. ‘मिआन्हाम्निदा’ त्याहून हलका, आणि ‘मिआन्हेयो’ ओळखीच्यांत. वरिष्ठाला ‘मिआन्हेयो’ म्हणणारा माणूस माफी मागतोय की टाळतोय, अशी शंका येते. कोणाचे लक्ष वेधायचे असेल तर ‘चॉगियो’, उपाहारगृहात वाढप्याला बोलवायचे तर ‘यॉगियो’. दोन्ही मोठ्याने म्हटले तरी असभ्य नाहीत. काही विचारण्याआधी ‘शिल्लेहाम्निदा’ किंवा ‘च्वेसोंगहाजिमान’ (माफ करा, पण) असा पाट मांडला की पुढचे मोडकेतोडके खपते : ‘छॉन्छॉनी माल्स्सुम्हे जुसेयो’ (हळू बोला), ‘ताशी हान्बॉन माल्स्सुम्हे जुसेयो’ (पुन्हा एकदा सांगा), ‘इगॉ ऑल्मायेयो’ (हे केवढ्याला). समजले नाही तर ‘मोल्लायो’ असे तोडून टाकण्याऐवजी ‘चाल मोरुगेस्सुम्निदा’ म्हणावे. त्यातला ‘-गेस-’ विधानाची धार बोथट करतो. ‘आल्गेस्सुम्निदा’ म्हणजे ‘बरं, कळलं’, हे कामाच्या ठिकाणी दिवसभर ऐकू येते.

काय म्हणून हाक मारावी

‘तुम्ही’ला कोरियनमध्ये धड शब्द नाही, ही या भाषेतली सर्वांत मोठी मेख. कोशात ‘तांगशिन’ दिलेला असतो. तो नवरा-बायकोत चालतो, जाहिरातींत व कवितेत चालतो, आणि भांडणात तर हटकून येतो. अनोळखी माणसाला तोंडावर म्हटला तर तो वादाचे आमंत्रण ठरतो. त्यामुळे कोरियन माणूस सर्वनाम गाळतो किंवा त्याच्या जागी पद घालतो. शिक्षक, डॉक्टर किंवा नुसता आदरणीय वाटणारा प्रौढ माणूस ‘सॉन्सेंगनिम’. दुकानाचा वा कंपनीचा मालक ‘साजांगनिम’. ‘-निम’ हा आदराचा प्रत्यय. बरोबरीच्या सहकाऱ्याला पूर्ण नावापुढे किंवा पहिल्या नावापुढे ‘शी’ लावतात. ते नुसत्या आडनावाला लावून ‘किम शी’ म्हणणे मात्र तुच्छतेचे. परदेशी माणूस ‘मिस्टर किम’च्या चालीवर हेच करून बसतो. कचेऱ्यांतली पदांची ही उतरंड मोडावी म्हणून सीजे उद्योगसमूहाने 2000 मध्ये सगळ्यांना नावापुढे ‘-निम’ लावण्याची पद्धत आणली, पुढे इतर कंपन्यांनीही तसे प्रयोग केले.

नातेवाचक शब्द परक्यांनाही लावतात. खानावळीतल्या बाईला ‘इमो’ (मावशी) म्हणण्याची चाल आहे. धाकट्या मुलीने मोठ्या भावाला ‘ओप्पा’ व बहिणीला ‘ऑन्नी’, धाकट्या मुलाने ‘ह्यॉंग’ व ‘नुना’ म्हणायचे. म्हणजे बोलणारा मुलगा की मुलगी यावर शब्द ठरतो. मालिका पाहून भाषा शिकलेले पुरुष ‘ओप्पा’ म्हणतात तेव्हा हसू होते.

वय कळल्याशिवाय यातले काही ठरत नाही, म्हणून नव्या ओळखीत जन्मवर्ष विचारणे कोरियात आगाऊपणाचे नाही. जन्मताच एक वर्षाचे धरून दर नववर्षाला एक मिळवण्याची जुनी गणना होती. 28 जून 2023 पासून कायदेशीर व सरकारी कामांत आंतरराष्ट्रीय पद्धतीचे वय धरतात. बोलण्यातली मोजणी इतक्या झटपट बदलत नाही. ओळख मुरली की धाकटा स्वतःहून ‘माल नोउसेयो’ म्हणतो, म्हणजे ‘मला अहो-जाहो करू नका’. ही परवानगी न घेता कोणी पान्मालवर उतरले तर ‘वे पान्मारियेयो?’ (अरे-तुरे का करता?) असा सवाल येतो. रस्त्यावरच्या पुष्कळ भांडणांत मूळ कारण मागे पडून हाच मुद्दा उरतो.

ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान

ऐकणाऱ्याचा मान शेपटीत, तर ज्याच्याविषयी बोलतो त्याचा मान क्रियापदाच्या पोटातल्या ‘-शि-’मध्ये. दोन्ही स्वतंत्र आहेत. ‘अरे, सर आलेत’ या मराठी वाक्यात मित्राला अरे आणि सरांना अहो एकाच दमात होते, नेमके तसे. मराठी बोलणाऱ्याला ही गोष्ट अंगवळणी असते. नवशिक्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच की ‘-शि-’ स्वतःला लावायचे नाही. ‘शिक्साहाशॉस्सॉयो?’ (जेवलात का?) याचे उत्तर ‘ने, मॉगॉस्सॉयो’ (हो, जेवलो). नाव विचारताना ‘सॉंगहाम’, पण आपले सांगताना साधा ‘इरुम’. दुसऱ्याचे वय ‘यॉन्से’, आपले ‘नाई’. स्वतःसाठी ‘ना’ऐवजी नम्र ‘चॉ’. वडीलधाऱ्यांना ‘झोपा’ म्हणायला ‘आन्न्यॉंगही जुमुसेयो’, भावंडाला ‘चाल जा’.

आदराचा अतिरेकही होतो. कॅफेत ‘तुमची कॉफी आली’ सांगताना कॉफीलाच ‘-शि-’ लावून ‘नाओशॉस्सुम्निदा’ म्हणायची लकब सेवाक्षेत्रात पसरली. व्याकरणाने ती चूक आहे, भाषेच्या जाणकारांनी तिच्यावर टीकाही केली. पण ग्राहक दुखावेल या धास्तीने कामगार ती सोडत नाहीत, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे.

जेवणाची वाक्ये

जेवण सुरू करताना ‘चाल मॉक्केस्सुम्निदा’, संपल्यावर ‘चाल मॉगॉस्सुम्निदा’. दोन्ही रांधणाऱ्याला किंवा पैसे देणाऱ्याला उद्देशून असतात. वडील माणसाने चमचा उचलल्यावर धाकट्यांनी सुरुवात करायची. पेला, पैसे, कार्ड देता-घेता दोन्ही हात लावायचे, निदान डावा हात उजव्या मनगटाशी न्यायचा. हे केले नाही तर ‘काम्साहाम्निदा’ कितीही शुद्ध असले तरी अर्धेच पोचते.

महाराष्ट्रातील शिक्षण व उपयोग

भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत कोरियनचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात मालिका-संगीताच्या ओढीखेरीज नोकरीचेही कारण आहे : रांजणगावचा एलजीचा कारखाना, माणगावजवळ विळे-भागाड येथील पॉस्कोचा पोलाद प्रकल्प, तळेगावचा ह्युंदाईने विकत घेतलेला कारखाना. अशा ठिकाणी दुभाष्याला व अभियंत्याला ‘-म्निदा’ लागते, तर मालिकांतून कानावर पडलेली भाषा बहुतेक प्रियकर-प्रेयसी, मित्र आणि खलनायकांची पान्माल असते. परदेशी भाषकांसाठीची ‘टोपिक’ ही परीक्षा 1997 पासून घेतली जाते. तिच्या सहा पातळ्या असून पहिल्या दोन प्राथमिक आहेत.