पशुपालनातील प्रतिजैविके आणि औषधरोधी जीवाणू

पाळीव जनावरांना प्रतिजैविके चार कारणांनी दिली जातात: आजारी जनावर बरे करायला, कळपात एकाला लागण झाली की बाकीच्यांनाही, रोग येण्याआधीच खबरदारी म्हणून, आणि वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यातून. आजारी जनावराला औषध द्यावे याबद्दल कुणाचे दुमत नाही. वाद आहे तो मुख्यतः शेवटच्या दोन कारणांचा.

वजनवाढीचा गुण योगायोगाने सापडला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक काढून घेतल्यावर उरलेला चोथा खाऊ घातला, तर पिल्ले अपेक्षेपेक्षा जास्त भरली. ही करामत जीवनसत्त्वाची नव्हती, चोथ्यात राहून गेलेल्या औषधाची होती. पुढे टनभर खाद्यात काही ग्रॅम औषध मिसळणे ही नित्याची रीत झाली.

मेख या अल्प मात्रेतच आहे. उपचाराच्या मात्रेनेही रोधी, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, जीवाणूंची निवड होते, पण ती थोडे दिवस चालते. खाद्यातली मात्रा आठवडेच्या आठवडे आणि हजारो आतड्यांत एकदम पोचते. संवेदनशील जीवाणू मागे पडतात, रोधी जीवाणूंना मोकळे रान मिळते. शिवाय रोधाची जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. कोंबडीतला जीवाणू माणसाच्या आतड्यात तगला नाही, तरी त्याचे जनुक तिथे मुक्काम करू शकते.

हे प्रत्यक्ष दाखवले अमेरिकी संशोधक स्टुअर्ट लेव्ही यांनी. बॉस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी सुमारे ३०० पिल्ले आणली आणि त्यांतल्या काहींना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळलेले खाद्य दिले. आठवड्याभरात त्या पिल्लांच्या विष्ठेतले जवळजवळ सगळे जीवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या विष्ठेतही अशा जीवाणूंचे प्रमाण शेजाऱ्यांच्या तुलनेत बरेच वाढले. त्या माणसांनी स्वतः ते औषध घेतले नव्हते. खाद्य बंद केल्यावर हे प्रमाण उतरले. हा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

जनावरांसाठी वेगळे औषध वापरले की प्रश्न मिटला, ही समजूत अ‍ॅव्होपार्सिनने खोटी ठरवली. पशुखाद्यातले हे प्रतिजैविक माणसांना दिले जात नसे. पण रचनेने व्हँकोमायसिन या माणसांच्या औषधाचे भावंड असल्याने एकाचा रोध दुसऱ्यालाही लागू पडला. डेन्मार्कने १९९५ मध्ये त्यावर बंदी घातली. कोंबड्यांतील व्हँकोमायसिनरोधी एन्टेरोकोकाय (आतड्यातले एका प्रकारचे जीवाणू) झपाट्याने घटले, डुकरांत मात्र टिकून राहिले. कारण डुकरांना टायलोसिन हे दुसरे प्रतिजैविक चालूच होते आणि दोन्ही रोधांची जनुके एकाच प्लाझ्मिडवर होती. टायलोसिन थांबल्यावर तिथेही घट झाली.

कोलिस्टिन हे जुने, मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवलेले औषध. इतर औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर ते रुग्णालयांत शेवटचा उपाय म्हणून परतले. तोवर पशुखाद्यात त्याचा सर्रास वापर सुरू होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, मांस आणि रुग्ण या तिन्हींतील जीवाणूंत ‘एमसीआर-१’ हे प्लाझ्मिडवरचे कोलिस्टिनरोधी जनुक आढळल्याचे जाहीर केले. त्यानंतर चीनने वजनवाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले.

औषधाचा अंश आणि रोधी जीवाणू यांची नेहमी गल्लत होते. कासदाहावर (कासेच्या सुजेवर) औषध दिलेल्या गाईचे दूध ठरावीक दिवस वगळले नाही, तर त्या दुधाला विरजण नीट लागत नाही; हा झाला अंशाचा परिणाम. वर्ज्य काळ पाळला की तो टळतो, रोधी जीवाणू मात्र त्याने टळत नाहीत. नीट शिजवल्याने ते मरतात, पण कच्च्या मांसाची सुरी, जनावरे हाताळणाऱ्यांचे हात, शेणखत आणि सांडपाणी या वाटा उरतातच.

स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये वजनवाढीसाठीचा वापर पूर्ण थांबवला. २०२२ पासून संघात नित्याच्या वापरालाही मनाई आहे. बंदीनंतर स्वीडनमध्ये आईपासून नुकत्याच तोडलेल्या डुकरांच्या पिल्लांत हगवण वाढली. तेव्हा पिल्ले उशिरा तोडणे आणि गोठ्यांची स्वच्छता व रचना सुधारणे भाग पडले. खाद्यातल्या औषधाने इतकी वर्षे जी उणीव झाकली होती, ती हीच.