घावंना की सोडंना?

आमचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं, दोन फुटी भिंतींचं. वरच्या मजल्यावर पुतण्या फ्लेक्सची डिझाइन करतो आणि खालच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ती छपाईला जातात. कोल्हापुरात फ्लेक्सला निमित्त लागत नाही, कुणाचा तरी वाढदिवस असतोच. पण वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स म्हणजे, इंचाला ७२ ठिपके धरले तरी, १७,२८० गुणिले ८,६४०, जवळजवळ १५ कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांना प्रत्येकी एक बाइट दिला की कॉम्प्रेस न केलेली फाइल ६०० एमबीच्या घरात जाते. दर दुरुस्तीला पेनड्राइव्ह घेऊन जिना कोण उतरणार? म्हणून वरचा फोल्डर शेअर केला होता. वर वायफाय नीट पोचत नव्हतं, त्यासाठी दुसरा राउटर बसवला आणि दुसऱ्याच दिवशी छपाईसाठी खाली गेलेल्या पुतण्याची हाक आली.

"काका, वरचा फोल्डर उघडंना!"

"घावंना का आत सोडंना?"

"म्हणजे? एकच की ते."

एकच नव्हे. घावंना म्हणजे आपण त्या घरापर्यंत पोचलोच नाही. सोडंना म्हणजे पोचलो, कडी वाजवली, आणि दारातून परत पाठवलं. विंडोजही हा फरक करतं, फक्त आकड्यांत. खाली पडद्यावर शेवटी ८००७००३५ असलेला कोड होता. यातला शेवटचा ३५ दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला आहे: तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि पाच, म्हणजे ५३. विंडोजच्या यादीत ५३ म्हणजे 'नेटवर्कवरचा रस्ता सापडला नाही'. तोच कोड ०००५ वर संपला असता तर 'परवानगी नाही'. आणि १३२६ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. हा आकडा न वाचता लोक तासभर फोल्डरच्या परवानग्या उलटसुलट करत बसतात. जिथं पाहुणा गल्लीतच आला नाही, तिथं कडीला तेल घालून काय होणार?

तर आमचं घावंना. नेटवर्कच्या खिडकीत शेजारचे कॉम्प्युटर आपोआप दिसतात, ती मुळात दवंडी असते. "मी इथं आहे, अजून कोण आहे?" असा पुकारा एक कॉम्प्युटर करतो आणि बाकीचे ओ देतात. दवंडी वेशीपर्यंतच ऐकू जाते, आणि घरच्या नेटवर्कची वेस म्हणजे राउटर. वरच्या राउटरच्या इंटरनेटवाल्या भोकात खालच्या राउटरची केबल खोचली होती. त्यामुळं एका घरात दोन गावं वसली: खाली १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते, वर १९२.१६८.१ ने. (१९२.१६८ चे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळं शेजारच्या घरातही तेच आकडे सापडतील.)

यातली गंमत म्हणजे बिघाड एकतर्फी होता. वरच्या कॉम्प्युटरवर दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढं खालच्याचा पत्ता टाकला, तर खालचा फोल्डर झटक्यात उघडला. खालून वर मात्र काही जाईना. आतून बाहेर गेलेली विनंती राउटर लक्षात ठेवतो आणि तिचं उत्तर आत घेतो. बाहेरून न बोलावता आलेल्याला तो वेशीवरच अडवतो. म्हणूनच इंटरनेटवरचं कुणीही थेट आपल्या कॉम्प्युटरपर्यंत येत नाही, आणि म्हणूनच आमचा खालचा कॉम्प्युटरही वर पोचेना.

वरच्या राउटरला सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' केलं, म्हणजे तो वेस न राखता नुसतं वायफाय पुरवतो. हा पर्याय नसेल तर त्याचं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करून केबल साध्या लॅन पोर्टात लावतात. एक गाव झालं.

तरी घावंनाच. नेटवर्क बदललं की विंडोजला ते अनोळखी वाटतं आणि बहुधा ते 'पब्लिक' समजलं जातं, जणू आपण सीबीएस स्टँडवर एसटीची वाट बघत बसलोय. मग कॉम्प्युटर दवंडीला ओ देत नाही आणि फाइलींची देवाणघेवाण होते तो ४४५ क्रमांकाचा पोर्ट (कॉम्प्युटरचं एक दार) फायरवॉल हा पहारेकरी बंद ठेवतो. वरच्या कॉम्प्युटरवर ते 'प्रायव्हेट' केलं आणि ५३ गेला.

लगेच १३२६ आला. पुतण्या नाव टाकून रोजचा चार आकडी पिन ठोकत होता. पिन त्या एका यंत्राशीच बांधलेला असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथं खात्याचा खरा पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. खालच्या कॉम्प्युटरवर जुना पासवर्डही साठवलेला होता, तो क्रेडेन्शियल मॅनेजरमधून काढून टाकला.

शेवटचा अडथळा मजेशीर. फाइल उघडली, पण दुरुस्ती करून सेव्ह होईना. शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात: एक शेअरिंगचं, एक डिस्कवरच्या फोल्डरचं. दोन्हींत जे कडक, त्याचं चालतं. डिस्कवर सगळे अधिकार होते, शेअरिंगमध्ये फक्त 'रीड'. तिथं 'चेंज'वर टिचकी मारली.

या देवाणघेवाणीची भाषा एसएमबी, १९८३ साली आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी घडवलेली. तिची पहिली आवृत्ती मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसनं जगभर पसरायला वापरली आणि त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती बंद येऊ लागली. घरातला एखादा नेटवर्कला जोडलेला जुना हार्डडिस्कचा डबा तेवढीच आवृत्ती बोलतो, म्हणून तो घावत नाही. 'ती परत चालू करा' असा सल्ला कुणी दिला तर माझं मत सरळ आहे: डबा बदला.

आठ दिवस सुरळीत गेले. मग लाईट गेली, आली, राउटरनं पत्ते नव्यानं वाटले आणि वरच्या कॉम्प्युटरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला, म्हणून तो परत घावंना. राउटरमध्ये जाऊन त्या यंत्राला एक पत्ता कायमचा राखून ठेवला. तेवढ्यात खालून आवाज आला, "काका, आता घावतंय, पण सोडंना!"

मी जिना न उतरताच विचारलं, "परत पिन टाकलास का?"

खालून बराच वेळ काही उत्तर आलं नाही.