बॅटलटेकमधली ऊर्जाशस्त्रे: उष्णतेच्या हिशोबाचा इतिहास

बॅटलटेक हा ‘मेक’ नावाच्या प्रचंड युद्धयंत्रांच्या लढाईचा पटावरचा खेळ. फासा कंपनीने १९८४ मध्ये तो ‘बॅटलड्रॉइड्स’ नावाने काढला. ‘ड्रॉइड’ शब्दावर लुकासफिल्मने हक्क सांगितल्यामुळे पुढच्याच वर्षी तो ‘बॅटलटेक’ झाला. त्या काळात लांब पल्ल्याचे ऊर्जाशस्त्र निवडायचे म्हणजे लार्ज लेझर किंवा पीपीसी, म्हणजे कणांचा झोत सोडणारी तोफ. लार्ज लेझर ५ टनांचा, मारा (एका फटक्यातले नुकसान) ८, झाडताना होणारी उष्णता ८, पल्ला १५ हेक्स (पटावरची षटकोनी घरे). पीपीसी ७ टनांची, मारा १०, उष्णता १०, पल्ला १८. पण लक्ष्य ३ हेक्स किंवा त्याहून जवळ आले की नेम बिघडत जातो.

शस्त्राचे हे वजन म्हणजे पूर्ण हिशोब नव्हे, कारण उष्णता बाहेर टाकायला हीट सिंक लागतात. साधा हीट सिंक १ टनाचा असतो आणि १ उष्णता काढतो, म्हणून पीपीसीचे खरे वजन १७ टन आणि लार्ज लेझरचे १३. मीडियम लेझर मात्र १ टन, ३ उष्णता, म्हणजे सिंकसह ४ टनांत ५ मारा. तेवढाच मारा करणारी एसी/५ ही गोळ्यांची तोफ दारूगोळा सोडून ८ टन खाते. शिवाय फ्यूजन इंजिनासोबत १० सिंक फुकट मिळतात. तीन मीडियम लेझर आणि चालण्याची १ उष्णता त्यांत नेमकी बसते. पल्ला ९ हेक्सच, पण त्या पल्ल्यावर एवढ्या स्वस्तात दुसरे ऊर्जाशस्त्र मिळत नाही.

पीपीसीवाल्यांची शिस्त ऑसम एडब्ल्यूएस-८क्यू या मेकमध्ये दिसते. पीपीसी तीन, सिंक २८. चालत तिन्ही झाडल्या की ३१ उष्णता, म्हणजे ३ शिल्लक. दुसऱ्या फेरीतही तिन्ही झाडल्या तर ६ साठते आणि ५ ओलांडल्यामुळे चाल एकाने घटते. तिसऱ्या फेरीला दोनच झाडायच्या, मेक पुन्हा थंड. तिथेही हावरटपणा केला तर ९ साठते आणि ८ पासून नेमही बिघडतो.

१९८९ च्या ‘टेक्निकल रीडआउट: २७५०’ने हा तोल मोडला. दुहेरी हीट सिंक त्याच १ टनात २ उष्णता काढतो, पण मेकच्या अंगातल्या ३ जागा अडवतो. आता अडचण वजनाची कमी आणि जागेची जास्त झाली. त्याच पुस्तकातल्या ईआर (वाढीव पल्ल्याच्या) पीपीसीचा पल्ला २३, किमान पल्ल्याची अट नाही. मारा मात्र १० च आणि उष्णता १५. साध्या सिंकवर ही अत्यंत वाईट निवड आहे: २२ टनांत १० मारा. पल्स लेझरला नेमासाठी फाशांवर लागणाऱ्या आकड्यात २ ची सवलत मिळाली, पण इनर स्फियरच्या (खेळातल्या मूळ मानवी राज्यांच्या) लार्ज पल्सचा पल्ला जेमतेम १० हेक्स.

खरी उलथापालथ १९९० मध्ये क्लॅन या खेळातल्या नव्या, तंत्रात पुढारलेल्या पक्षाच्या शस्त्रांनी केली. क्लॅन ईआर पीपीसी ६ टनांत १५ मारा करते. मेकच्या डोक्याला जास्तीत जास्त ९ चिलखत आणि आत ३ गुण, एकूण १२. साध्या पीपीसीने डोके वाचते, हिने एका फटक्यात उडते. क्लॅन लार्ज पल्स तर २० हेक्सवरून तीच २ ची सवलत घेऊन मारतो, त्यामुळे चपळ हलक्या मेकनाही पळून वाचता येईना.

टनांनी तोलणे निरर्थक ठरल्यावर बॅटल व्हॅल्यूने, म्हणजे लढाऊ ताकदीच्या गुणांनी जोखणे आले. सध्याच्या, म्हणजे २००७ च्या ‘टेकमॅन्युअल’मधल्या पद्धतीत मीडियम लेझर ४६, पीपीसी १७६, ईआर पीपीसी २२९ आणि क्लॅन ईआर पीपीसी ४१२. मेकच्या उष्णतामर्यादेबाहेर जाणाऱ्या शस्त्रांची मात्र निम्मीच किंमत धरतात, म्हणून मुद्दाम जास्त शस्त्रे लादलेला मेक कागदावर स्वस्त दिसतो. लांबून ईआर पीपीसी आणि जवळून मीडियम लेझर, असे आलटूनपालटून वापरणाऱ्याला ही सूट पुरेपूर मिळते.