कर्करोगजन्य आंत्ररोध
मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीमुळे आतड्याची पोकळी बंद होऊन मल व वायू पुढे सरकेनासे होणे, म्हणजे कर्करोगजन्य आंत्ररोध. प्रौढांमध्ये मोठे आतडे तुंबण्याचे हे प्रमुख कारण आहे. अडथळा बहुधा डाव्या बाजूला येतो. तिथे पोकळी अरुंद, मल घट्ट आणि गाठ आतड्याला कड्यासारखी आवळत वाढणारी असते.

पोट फुगते, वारा सरत नाही, शौचाला होत नाही. उलट्या मात्र उशिरा सुरू होतात, म्हणून दुखण्याचे गांभीर्यही उशिरा लक्षात येते. लहान व मोठ्या आतड्यांमधली झडप घट्ट मिटलेली असली, तर वायूला मागे फिरायलाही वाट नसते. मग मोठ्या आतड्याच्या सुरुवातीचा, पोटाच्या उजवीकडचा पिशवीसारखा भाग म्हणजे अंधांत्र; सर्वांत रुंद असल्याने त्याच्या भिंतीवर सर्वाधिक ताण येतो. त्याचा व्यास १२ सेंमी.पर्यंत गेला की ते फुटण्याची भीती असते. गाठ डावीकडे आणि आतडे फाटते उजवीकडे, असे घडते ते यामुळेच. निदान सीटी स्कॅनने होते.

शल्यविशारदापुढे एकाच वेळी दोन आजार असतात: तुंबलेले आतडे काही तासांत जीव घेऊ शकते, कर्करोगाचा हिशेब वर्षांचा असतो. पहिल्याच्या घाईत दुसऱ्याची शस्त्रक्रिया अपुरी राहू नये, हीच खरी कसोटी. १७७६ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे पिलोर या शल्यविशारदांनी गुदाशयाच्या कर्करोगाने आतडे तुंबलेल्या रुग्णाच्या अंधांत्राला पोटावर तोंड काढून दिले. मार्ग मोकळा झाला, पण रुग्ण २८व्या दिवशी दगावला. आधी उपचार म्हणून पाजलेल्या पाऱ्याने लहान आतड्याला इजा झाली होती.

गाठ उजवीकडे असेल तर तो भाग काढून लहान आतडे उरलेल्या मोठ्या आतड्याला बहुधा लगेच जोडता येते. डावीकडे निर्णय अवघड असतो. फुगलेल्या, मलाने भरलेल्या आतड्याचा जोड सुटला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो. म्हणून अत्यवस्थ रुग्णात फ्रेंच शल्यविशारद हार्टमन यांनी १९२१ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात: गाठ काढायची, खालचे टोक शिवून बंद करायचे, वरचे टोक स्टोमा म्हणून, म्हणजे मल बाहेरच्या पिशवीत जाण्यासाठीचे तोंड म्हणून, पोटावर आणायचे. नंतर जोड देता येतो, पण वय व इतर आजारांमुळे अनेकांची ती दुसरी शस्त्रक्रिया होतच नाही आणि पिशवी कायम राहते. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. प्रकृती बरी असेल तर पहिल्याच वेळी जोड देणे योग्य. अंधांत्र फाटण्याच्या बेतात असल्यास जवळजवळ सगळे मोठे आतडे काढतात. त्यानंतर शौच पातळ व वारंवार होते.

१९९०च्या दशकापासून धातूचा स्टेंट (पोकळी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवून आधी अडथळा मोकळा करण्याचा पर्याय आहे. काही दिवसांत रुग्ण सावरतो, मग नियोजित शस्त्रक्रिया होते आणि स्टोमाची गरज कमी पडते. मात्र स्टेंटने आतडे फाटले तर कर्करोगाच्या पेशी पोटात पसरण्याचा धोका असतो. गुदाशयाच्या अगदी खालच्या गाठीत स्टेंट टाळतात, कारण तिथे तो सतत वेदना व कुंथण्याची भावना देतो.

तातडीच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण नियोजित शस्त्रक्रियेपेक्षा बरेच जास्त असते. दीर्घकालीन जगण्याची शक्यताही कमी असते. निदानावेळी आजार पुढे गेलेला असणे हे त्याचे एक कारण. काढलेल्या भागात किमान १२ लसिका ग्रंथी (कर्करोग पसरताना बहुधा आधी जिथे पोहोचतो त्या लहान ग्रंथी) तपासाव्यात. त्यांत कर्करोग नसला तरी आंत्ररोध ही जोखमीची खूण मानून केमोथेरपीचा विचार होतो. अडथळ्याच्या वरचे आतडे दुर्बिणीने पाहिलेले नसते आणि तिथे दुसरी गाठ असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत उरलेल्या आतड्याची कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते.