दचकलो की धास्तावलो?

मागच्या महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सिनेमे ढिगाने बघतो आणि मत एका शब्दात देतो: 'भारी' नाहीतर 'फालतू'. भीतीसाठी त्याच्याकडे तिसरा शब्द आहे, 'फाटली'. लागोपाठ दोन रात्री आम्ही दोन सिनेमे पाहिले आणि दोन्ही रात्री एकेकदा तो म्हणाला, "मामा, फाटली." शब्द एकच, पण पहिल्या रात्री त्याच्या हातातला चिवडा सोफ्यावर सांडला होता. दुसऱ्या रात्री वाटी मांडीवर तशीच भरलेली राहिली. त्या प्रसंगाची सगळी मिनिटं त्याने तिला हातच लावला नाही.

चिवडा सांडला तो दचका. वाटीचा विसर पडला ती धास्ती. आपल्या भाषेने हा फरक केव्हाच करून ठेवला आहे. दचकल्यावर आपण विचारतो, "काय झालं?" धास्तावलेला माणूस विचारतो, "आता काय होणार?" सिनेमावाले या दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या हत्यारांनी घडवतात, आणि बाहेर पडताना आपण दोन्हींना 'काय घाबरवलंय!' म्हणून मोकळे होतो.

पहिल्या रात्रीचा प्रसंग 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागातला (२००१). रिव्हेंडेल या एल्फांच्या गावात लख्ख उजेड आहे. म्हातारा बिल्बो आपलं जुनं चिलखत मोठ्या कौतुकाने फ्रोडोला देतो. फ्रोडो ते घालून बघायला सदऱ्याची बटणं सोडतो आणि गळ्यातल्या साखळीतली अंगठी दिसते, एकेकाळी बिल्बोकडे असलेली, माणसाला झपाटणारी जादूची अंगठी. बिल्बोचा आवाज लाडिक होतो, एकदा हातात धरू दे म्हणतो. फ्रोडो बटणं लावायला लागतो, आणि त्या क्षणी म्हाताऱ्याचा चेहराच बदलतो. डोळे खोबणीत गेलेले, दात विचकलेले, अंगावर झडप. पापणी लवेपर्यंत सगळं संपतं. समोर पुन्हा तोच म्हातारा, आता रडवेला.

यात घाबरवण्याची तयारी कुठे दिसते? कुठेच नाही, आणि तीच तयारी. उजेड, मायेचं बोलणं, आजोबा-नातवासारखी दोन माणसं: सावध राहायचं एकही कारण दिग्दर्शक पीटर जॅक्सन देत नाही. (हा माणूस रक्तबंबाळ भयपट काढत काढत इथवर पोचला होता, हे विसरून चालत नाही.) दचक्याला प्रेक्षक बेसावध लागतो. मग दोनच गोष्टी पुरतात: चित्र अचानक बदलायचं आणि त्याच ठोक्याला आवाज चढवायचा. मोठ्या आवाजाने पापणी मिटते ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतबाहेर. त्यात विचार करायला फुरसतच नसते. सिनेमा कळलाच पाहिजे असंही नाही, कथा माहीत नसलेला माणूसही तेवढाच उडतो. प्रेशर कुकरची शिट्टीही हेच काम करते.

म्हणून दचका हलक्या दर्जाचा, असं मात्र मी म्हणणार नाही. बिल्बोचा तो एक क्षण अंगठीची पकड जितकी सांगून जातो, तितकी लांबलचक संवादांनी सांगितली नसती. फक्त हे हत्यार एकदाच चालतं. दुसऱ्यांदा बघताना आपण त्या बटणांकडे बघत वाट बघतो.

दुसऱ्या रात्रीचा सिनेमा दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोचा 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६). काळ १९४४, स्पेन. यादवी युद्ध संपलेलं आहे, हुकूमशहा फ्रँकोची राजवट आहे, जंगलात अजून बंडखोर लपलेले आहेत. ओफेलिया नावाची मुलगी आईबरोबर सावत्र बापाच्या, कॅप्टन विदालच्या तळावर राहायला येते. तिथे एक फॉन, म्हणजे बोकडाच्या शिंगांचा आणि पायांचा प्राणी, तिला तीन कामं सांगतो. दुसऱ्या कामासाठी तो खडू देतो, वाळूचं घड्याळ देतो, सोबतीला तीन पऱ्या देतो आणि बजावतो: तिथे मेजवानी मांडलेली असेल, पण काहीही खायचं-प्यायचं नाही.

संपला विषय. धास्तीचं बी तिथेच पडलं. राक्षस अजून पडद्यावर आलेलाही नाही, पण मुलगी चुकणार कुठे हे आपल्याला कळलेलं आहे. आजीच्या गोष्टीत "सातव्या खोलीत मात्र जायचं नाही हं" म्हटल्यावर सगळ्या पोरांचं लक्ष सातव्या खोलीला चिकटतं, तसंच हे.

ओफेलिया भिंतीवर खडूने दार काढते आणि आत उतरते. लांबलचक मार्गिका, लालसर उजेड. ही मार्गिका आधी निवांतपणे दाखवली आहे, कारण पुढे मुलगी पळणार तेव्हा दार किती लांब आहे ते आपल्या पायांना माहीत असलं पाहिजे. मग दालन. लांब टेबल, त्यावर फळं, मांस, मिठाया, मागे धडधडती शेकोटी. आणि टेबलाच्या टोकाला 'तो', पेल मॅन. पांढरीफटक कातडी घड्या पडून लोंबतेय, चेहऱ्यावर डोळे नाहीत, हात टेबलावर पसरलेले. डोळे समोरच्या बशीत ठेवलेत, चटणीच्या वाटीसारखे.

इथे देल तोरोने दचक्याची नामी संधी सोडून दिली आहे. काळोखातून हा प्राणी एकदम समोर आणला असता तर थिएटर किंचाळलं असतं. त्याऐवजी तो शांत बसलेला आहे, भरपूर उजेडात, आणि कॅमेरा त्याला आपल्याला हवा तेवढा वेळ बघू देतो. तो हलत नाही. ओफेलिया छताकडे बघते, तिथल्या चित्रांत हाच प्राणी लहान मुलांना खातोय. एका बाजूला मुलांच्या बुटांचा ढीग आहे. त्या बुटांवर कोणी एक शब्द बोलत नाही. विसाव्या शतकातल्या युरोपात बुटांचा ढीग म्हटला की नाझी छळछावण्या आठवतातच, ते सांगायची गरज नाही.

दचक्यात आपल्याला आणि पात्राला एकाच वेळी कळतं. धास्तीत आपल्याला आधी कळतं. म्हणून ओफेलिया द्राक्षाकडे हात नेते तेव्हा पऱ्या तिला अडवायला झेपावतात, ती त्यांना झटकते, आणि खुर्चीत आपणही परीइतकेच हतबल. ती खाते. तिच्या पाठीमागे ती लांब बोटं हलतात. चामडं करकरल्यासारखा आवाज, घशातून ओढलेला श्वास. आवाज इथेही आहे, पण तो कानठळ्या बसवत नाही, कान टवकारायला लावतो. ती आपल्याच तंद्रीत खातेय आणि मागे तो चाचपडत डोळे तळहातांत बसवतोय. मग पंजे चेहऱ्यासमोर धरतो, बोटं पापण्यांसारखी पसरलेली.

या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. बघायचं तर हात वर धरायला हवेत, पकडायचं तर खाली आणायला हवेत. म्हणजे त्याला बघणं आणि धरणं एकदम जमत नाही. तो अडखळत, हळू येतो, आणि तरी आपण मनात वाळू मोजत असतो. धास्तीला वेग लागत नाही, हिशोब लागतो: एवढं अंतर, एवढी वाळू, एवढे पाय. पेल मॅन साकारणारा डग जोन्स त्या मुखवट्याच्या नाकपुड्यांमधून बघत होता, त्या चाचपडण्यात थोडा खरेपणा त्यातूनही आला असावा. सिनेमातला फॉनही त्यानेच केला आहे.

रंगांचंही तसंच. छायालेखक गिएर्मो नवारोने कॅप्टनचं जग निळसर, गार ठेवलं आणि परीकथेचं जग ऊबदार, लाल-सोनेरी. ऊबदार उजेड म्हणजे घर, जेवण, सुरक्षितता, असं आपलं डोकं धरून चालतं. इथे तीच ऊब पोरांना टेबलाशी ओढते. ओफेलियाने का खाल्लं, याचंही उत्तर आधी येऊन गेलंय: नवा पोशाख चिखलात बरबटला म्हणून तिला उपाशी झोपवलं होतं. बाहेर रेशनकार्डांवर जगणारी माणसं, आणि कॅप्टनच्या घरी भरलेलं टेबल. विदालही टेबलाच्या टोकाला असाच बसतो, मागे अशीच शेकोटी. या सिनेमाला छायालेखन, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा अशी तीन ऑस्करं मिळाली, आणि हा एक प्रसंग बघितला तरी तिन्हींचा हिशोब लागतो.

मग गोंधळ होतो कुठे? जिथे धास्तीच्या पाठीवर दचका बसतो. 'कॅट पीपल' (१९४२) या जुन्या सिनेमात एक बाई रात्री सेंट्रल पार्कजवळून चालली आहे, मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. पुढची पावलं भराभर पडायला लागतात, आणि फस्सकन चौकटीत घुसते ती... बस. साधी प्रवासी बस, ब्रेकचा आवाज. या युक्तीला अजूनही 'बस' म्हणतात. आधीच भ्यालेलं अंग जास्त जोरात दचकतं, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. त्यामुळे दाद मिळते बसला आणि खरी मेहनत असते टाचांच्या आवाजाची.

आपल्याकडे हे मिश्रण 'तुंबाड'मध्ये (२०१८) आहे. सिनेमा हिंदी, पण माती कोकणची. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आणि भुताचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. तिथेही अन्न आणि नियम: पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली ठेवायची, हस्तर (सिनेमातला हावरट, शापित देव) ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी ओढायची. हस्तर अंगावर येतो तो दचका. पण पुढे जास्त नाण्यांच्या हावेने एकीच्या जागी अनेक बाहुल्या नेल्या जातात, तेव्हा नियम पाठ झालेला प्रेक्षक आकडा मोजतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. अनेक बाहुल्या, म्हणजे अनेक हस्तर.

ओळखायची माझी रीत सोपी आहे. आवाज बंद करून प्रसंग पुन्हा लावायचा. तिसऱ्या दिवशी भाच्यावर हा प्रयोग केला. बिल्बोच्या वेळी तो मोबाईल बघत होता, मान वर करून म्हणाला, "दात नकली वाटतात." मग देल तोरो लावला. ना करकर, ना श्वास. ओफेलियाचा हात द्राक्षांच्या घडाकडे गेला, आणि शेवट ठाऊक असलेला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला तो घोडा म्हणाला, "अगं, नको ना."